दोनशे चौसष्ट तास

२ मार्च

साडूभाऊ,

या दोन हातांनी केलेल्या वस्तू लिहून काढतो. चौदा फेब्रुवारीच्या कार्यक्रमात त्यांचा उल्लेख राहून गेला, म्हणून.

बारा स्फटिकांसाठी तांब्याच्या बारा चौकटी. ते स्फटिक धरून ठेवणारे छत्तीस क्लॅम्प, एकाला तीन, जाडी अर्धा मिलिमीटर, फरक पाच मायक्रॉनच्या आत. तुम्ही एकदा बाहेरून करून आणले होते, त्यात फरक तिसाच्या खाली आला नव्हता, आठवत असेल. शिशाच्या विटा सहाशे अठरा. जुन्या बुडालेल्या जहाजाच्या तळातलं शिसं वितळवून ओतलेल्या, कारण नवं शिसं स्वतःच किरण सोडतं. दीड टनाचं दार, जे धाकटीने, तुमच्या बायकोने, एका बोटाने उघडलं आणि हसत सुटली होती. क्लॅम्पना हवा लागू नये म्हणून नायट्रोजनचं कपाट. स्फटिक न शिवता उचलायचा चिमटा, ज्याचा फोटो तुम्ही तीन परिषदांमध्ये दाखवलात. खाणीतल्या किटलीची मूठ. तुमच्या घरच्या जेवणाच्या टेबलाचा चौथा पाय. तो अजून हलत नसेल. बाकीचे तीन हलत असतील.

चौदा तारखेला कॅन्टीनमधल्या टीव्हीवर तुम्हाला पाहिलं. कोट चांगला होता. कृष्णद्रव्याचे कण पहिल्यांदाच पकडले, असं तुम्ही म्हणालात आणि कॅन्टीनवाल्याने सगळ्यांना फुकट चहा दिला. शोधाच्या कागदावर एक्केचाळीस नावं आहेत. मी मोजली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'कार्यशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार' आहेत. कार्यशाळेत कर्मचारी किती, तर मी.

पण पत्र त्यासाठी नाही. फोन तुम्ही उचलत नाही, ऑफिसच्या दारावरची बाई 'सर मीटिंगमध्ये' म्हणते, म्हणून हा कागद.

एकोणीस मार्चला पडताळणी समिती बसते आहे. मला अकरा वाजता वर्कशॉपची वही घेऊन बोलावलंय. त्याच्या आधी तुम्ही स्वतः उभे राहून सांगा, की ते एकसष्ट ठोके कृष्णद्रव्याचे नाहीत, माझ्या क्लॅम्पचे आहेत.

तुम्हीच शिकवलंय, नीट शिकलो का ते तपासून बघा. आकाशगंगेचं वजन दिसतं तेवढंच असतं, तर कडेचे तारे केव्हाच भिरकावले गेले असते. म्हणजे न दिसणारं वजन आहे. ते आपल्यातून, भिंतींतून, डोंगरांतून आरपार जातं. वर्षाकाठी एखादा कण एखाद्या अणूच्या गाभ्याला धडकला तर धडकला. ती धडक ऐकायची म्हणून आपण खाणीत अकराशे मीटर खाली जाऊन बसलो. आकाशाचा गोंगाट खडकाने अडवायचा, खडकाचा शिशाने, शिशाचा तांब्याने, आणि मधोमध गोठवलेला स्फटिक. साधा किरण आला तर स्फटिक तापतो आणि चमकतोही. गाभ्याला धडक बसली तर तापतो, पण चमकत जवळजवळ नाही. असे न चमकणारे एकसष्ट ठोके तुम्हाला तीन वर्षांत मिळाले.

आता माझं ऐका. हवेत रेडॉन असतो, खाणीच्या हवेत तर भरपूर. तो विरताना त्याचा मळ तांब्यावर बसतो, आणि तो पुसून जात नाही. त्या मळातून वर्षानुवर्षं पोलोनियम तयार होत राहतं. पोलोनियमचा अणू फुटला की हलका तुकडा एकीकडे आणि जड तुकडा उलटीकडे. बंदुकीसारखं, गोळी पुढे, दस्ता खांद्यावर. हलका तुकडा क्लॅम्पच्या तांब्यात रुतला, तर जड तुकडा समोरच्या स्फटिकात शिरतो. स्फटिक तापतो, चमकत नाही. कृष्णद्रव्याचं हुबेहूब सोंग.

आठ स्फटिक माझ्या पहिल्या चोवीस क्लॅम्पवर बसलेत, चार स्फटिक नंतरच्या बारांवर. आठांत अठ्ठावन्न ठोके, चारांत तीन. विश्वातलं न दिसणारं वजन माझ्या पहिल्याच खेपेवर एवढं भाळलं असेल तर मला अभिमानच आहे. तुम्ही मात्र त्या चार स्फटिकांना 'मंद' म्हणून बाजूला काढलंत. आणि पहिल्या वर्षी बारा ठोके, दुसऱ्या वर्षी तेवीस, तिसऱ्या वर्षी सव्वीस. कृष्णद्रव्य पोरासारखं वाढत नाही हो. पोलोनियम असं वाढतं. आधी भरभर, मग थबकत.

क्लॅम्पना हवा लागली होती. मी तुम्हाला आठ नोव्हेंबरला सांगितलंय. तुम्ही सांगितलंत तर ती शास्त्रज्ञाची दुरुस्ती होईल. मी सांगितलं तर टर्नरची कागाळी होईल, आणि बुडू दोघंही. सतरा दिवस आहेत.

तुमचा साडू

९ मार्च

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आज खाली असल्यासारखं लिहितो. खाणीत उतरणारा पिंजरा तळाला टेकला की तू म्हणायचास, 'काय रे टर्नर', आणि मी म्हणायचो, 'बोल रे डॉक्टर'. वर आलो की पुन्हा अहो-जाहो, कारण वर आपण जावई होतो. मी थोरलीचा म्हणून थोरला, तू धाकटीचा म्हणून धाकटा. पगारात, खुर्चीत, सगळ्यात तू वर, पण सासरेबुवांच्या ओसरीवर पाट मला आधी मिळायचा. ते काय म्हणायचे आठवतं? 'माझा एक जावई दिसतं ते घडवतो, दुसरा दिसत नाही ते शोधतो. पण दोघांच्या नादात माझ्या मुली दिसेनाशा झाल्या, त्यांना कधी आणताय?' तू सगळ्यात मोठ्याने हसायचास.

मागच्या पत्रात 'क्लॅम्पना हवा लागली होती' असं लिहिलं. लागली होती, म्हणजे जणू खिडकी उघडी राहिली. लिहून झाल्यावर वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. मायक्रॉन मोजणारा माणूस मी, आणि वाक्य लिहिलं ते असं. तर नीट लिहितो.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. पैसे देणारी मंडळी दुसऱ्या दिवशी खाली पाहणीला येणार होती. तू त्यांच्यासाठी आलेख टांगलेस. आलेख सगळीकडे असतात. मला वाटलं, एकदा तरी कोणीतरी येऊन या हातांचं काम बघावं. संध्याकाळी सगळे वर गेल्यावर मी चोवीस क्लॅम्प कपाटातून काढले आणि बाहेरच्या बोळातल्या टेबलावर, काळ्या कापडावर, सहाच्या चार ओळींत मांडले. वर दिवा लावला. सकाळी पाहुणे येऊन गेले की परत कपाटात. हिशोबाने पंधरा तास होणार होते, तेवढे चालले असते. तुला विचारलं नाही. तू नाही म्हणाला असतास.

त्याच संध्याकाळी पिंजऱ्याच्या दोराची तपासणी झाली आणि दोन तारा तुटलेल्या सापडल्या. खाली जाणं बंद. हवा खेळवणारा पंखाही बंद, कारण खाली माणूसच नाही तर पंखा कोणासाठी? अकरा दिवस. पंखा बंद असलेल्या बोळात रेडॉन किती चढतो ते तुला सांगायला नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. 'क्लॅम्प कपाटात आहेत ना रे?'

मी म्हणालो, 'नाही, गच्चीवर वाळत घातलेत.'

तू हसलास. मी पण हसलो. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

बाराव्या दिवशी पहिल्या फेरीला मी खाली गेलो. दिवा चालूच होता. चोवीसच्या चोवीस लखलखत होते. तांब्याचं हेच वाईट, आतून बिघडलं तरी तोंडावर काही येऊ देत नाही. मी स्पिरिटने पुसले. त्याने काही होत नाही हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक तीनदा पुसला. मग वही उघडली. प्रत्येक वस्तूने बाहेर किती तास काढले त्याचा रकाना मीच आखलेला, बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. तिथे दोनशे चौसष्ट लिहायचं होतं. मी दोन लिहिलं.

का लिहिलं? नवे करायला पाच आठवडे लागले असते, ते तांबंही पुन्हा मागावं लागलं असतं. पण ते कारण नाही. मीटिंगमध्ये तू सांगितलं असतंस, 'वर्कशॉपकडून चूक झाली', आणि त्या एक्केचाळीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं असतं. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. डॉक्टर चुकला तर त्याचा निबंध होतो. टर्नर चुकला तर, शेवटी टर्नरच तो.

एवढं माझं. यातलं तुझं काहीच नाही. तुझं आठ नोव्हेंबरपासून सुरू होतं.

तिन्ही वर्षांचे आकडे भिंतीवरच्या पडद्यावर लागले, बारा, तेवीस, सव्वीस, आणि मला रात्रंदिवस ते काळं कापड दिसायला लागलं. आठ तारखेला हातमोजे घालायच्या खोलीत आपण दोघंच होतो.

'दोन नव्हते,' मी म्हणालो, 'दोनशे चौसष्ट होते.'

तू डावा मोजा चढवत होतास. 'काय दोनशे चौसष्ट?'

'तास. पहिल्या चोवीस क्लॅम्पचे. बोळात, पंखा बंद असताना.'

मला वाटलं तू विचारशील, मळ किती बसला असेल. मी आकडा काढून ठेवला होता, खिशात कागद होता. वाटलं शिव्या देशील, आणि त्याचीही तयारी होती. तू विचारलंस, 'कोणाला माहीत आहे?'

'मला. आता तुला.'

'मग आता नको,' तू म्हणालास. 'फेब्रुवारी होऊ दे.' आणि उजवा मोजा चढवलास.

मी चार महिने गप्प बसलो. मला वाटलं, हा आत जाऊन तपासतोय, चार स्फटिक आणि आठ स्फटिक समोरासमोर ठेवतोय, शहाणा माणूस आहे. तू ठेवलेस. ठेवलेस म्हणूनच चार बाजूला काढलेस.

दहा दिवस उरले. माझी वही घेऊन मी जाणार आहे, माझ्या खोट्या आकड्यासकट. नोकरी जाईल. निवृत्तीला सहा वर्षं आहेत, ती आता कोणी धरून ठेवणार नाही. पण मी जायच्या आधी तू बोल. मला तुला पाडायचं नाहीये रे. खरंच नाही.

टर्नर

१७ मार्च

साडूभाऊ,

वर आलो आहे, म्हणून पुन्हा अहो-जाहो.

काल धाकटी येऊन गेली. सव्वाचारला आली, पाच वाजून दहा मिनिटांनी गेली. चहा घेतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं असेलच. माझं उत्तरही पोहोचलं असेल. तिला पुन्हा पाठवू नका.

थोरली शाळेच्या ऑफिसातून सहाला आली. टेबलावरचा रुमाल धाकटीचा आहे हे तिने चपला काढायच्या आधी ओळखलं.

'धाकटी आली होती?'

'हो.'

'कशाला?'

'सहज.'

'सहज यायला ती काय कोपऱ्यावर राहते? दोन बस बदलून सहज? आणि मी घरी नसताना?'

मी म्हणालो, तिला वाटलं तुझी सुट्टी असेल. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. हे बघणं तुम्हाला माहीत नाही, तुमची धाकटी तसं बघत नाही. मग ती म्हणाली, 'तुम्ही दोघं वीस वर्षं खाली बसून न दिसणारं शोधताय. मला वर राहून सगळं दिसतं. फक्त कोणी विचारत नाही.' आणि कणीक मळायला लागली.

नंतर जेवताना तिने विचारलं, 'एकोणीसला तुम्ही खरं सांगणार ना?'

'हो.'

'तुमचंही?'

'माझंही.'

'मग नोकरीचं माझ्याकडे सोडा. शाळेत मी आहे अजून.' थोड्या वेळाने म्हणाली, 'भावोजींनाही सांगा ना, आधी बोलून टाका म्हणावं. माणूस वाईट नाही तो. सगळ्यांसमोर पडायची सवय नाही त्याला, एवढंच.'

तिला मी सांगितलं की दोन पत्रं लिहिली आहेत. उत्तर आलं नाही हे सांगितलं नाही.

तर तिच्या सांगण्यावरून, माझ्या नव्हे, तिसऱ्यांदा लिहितो. अजून अख्खा उद्याचा दिवस आहे. नऊ वाजता समितीच्या अध्यक्षबाई पाहुण्यांच्या खोलीत उतरतील. त्यांना एक ओळ लिहून द्या: पहिल्या चोवीस क्लॅम्पवर मळ आहे, शोध मागे घेतो. 'कसा बसला' ते मी सांगेन. तुम्ही काही झाकलंत हे कोणी विचारणार नाही आणि मी बोलणार नाही. आठ नोव्हेंबर मी गिळून टाकतो. एवढं मी तुमच्यासाठी करायला तयार आहे, आणि हे लिहिताना माझे दात एकमेकांवर घासतायत.

तुम्हाला एकदा विचारलं होतं, कृष्णद्रव्य सापडलं तर काय होणार? तुम्ही म्हणालात, 'काही होणार नाही. दुधाचा भाव तोच राहणार. फक्त आपल्याला कळेल.' त्या एका वाक्यासाठी मी सहाशे अठरा विटा ओतल्या. मला खरंच कळायचं होतं, साडूभाऊ. माझं नाव कागदावर यायच्याही आधी मला ते कळायचं होतं. आता तुम्ही कळल्याचं सांगून मोकळे झालात, आणि उद्या दुसऱ्या कोणाला खरोखर दिसलं तरी लोक म्हणतील, हे तर त्यांना आधीच दिसलंय.

थोरला

२१ मार्च

परवाचं जसं घडलं तसं लिहून ठेवतो. तुम्ही तिथे होतात, पण तुम्हाला अलीकडे आठवत नाही.

मला अकराला बोलावलं होतं. मी साडेदहाला गेलो, वही कापडात बांधून. दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आतून तुमचा आवाज येत होता. मला वाटलं, आले वाटतं, बोलतायत वाटतं. माझा जीव इतका हलका झाला की मी वहीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

मग शब्द ऐकू आले. 'गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं,' तुम्ही म्हणत होतात. 'चार स्फटिक आणि आठ स्फटिक वेगळे वागतायत हे मला खटकत होतं. वर्कशॉपच्या नोंदीत गडबड असावी असा मला संशय आला.'

संशय आला! माझा खिशातला कागद, माझी आठाची आणि चाराची विभागणी, बारा, तेवीस, सव्वीस, सगळं तुमच्या तोंडून, तुमच्या मराठीत, माझ्यापेक्षा चांगलं. दोन पत्रं तुम्ही वाचली होती तर. तिसरंही.

मग कोणीतरी टाळी वाजवली. एकट्याचीच होती, पण वाजली.

आत गेलो तेव्हा तुम्ही पाणी पीत होतात. अध्यक्षबाई वयस्कर, कपाळावर चष्मा चढवलेल्या, आवाज मऊ. त्यांनी वही उघडली आणि रकान्यावर बोट ठेवलं.

'हा दोन तुमच्या हातचा?'

'माझ्या.'

'खरा आकडा?'

'दोनशे चौसष्ट.'

'बाकी वहीत असं आणखी कुठे?'

'नाही.'

'हे आम्ही कशावरून मानायचं?'

बावीस वर्षांच्या वहीला एका दोनाने खाल्लं. त्यांचं चुकलं नाही, मीसुद्धा तेच विचारलं असतं.

'हे तुम्ही प्रमुखांना कधी सांगितलंत?'

'आठ नोव्हेंबरला. सकाळी सव्वाआठ. हातमोज्यांच्या खोलीत.'

बाई तुमच्याकडे वळल्या. तुम्ही ग्लास खाली ठेवला आणि म्हणालात, 'मला असं काही आठवत नाही. साडू आहेत माझे. घरचं काही बोलणं झालं असेल.'

घरचं बोलणं. समितीतला एक जण हसला. मला हसू आलं नाही, पण तुमच्या चातुर्याचं कौतुक वाटलं. साडू या नात्याचा असा उपयोग सासरेबुवांनाही सुचला नसता.

शेवटी बाईंनी कागदावरचा एक ठरलेला प्रश्न वाचला. तो सगळ्यांना विचारतात म्हणे. 'गप्प राहण्यासाठी तुम्हाला कोणी काही देऊ केलं होतं का?'

तुमची मान खाली होती. टेबलाखाली तुमचा उजवा पाय हलत होता.

मी म्हणालो, 'नाही.'

त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली.

तुम्ही दारापर्यंत माझ्यामागे आलात. मला वाटलं काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, 'थोरल्या ताईंना नमस्कार सांगा.'

सांगितला नाही.

३० ऑगस्ट

साडूभाऊ,

एप्रिलमध्ये मला काढलं. खोट्या नोंदीबद्दल. बरोबर काढलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. निरोप समारंभ नव्हता. पिंजऱ्यावरचा माणूस एवढंच म्हणाला, 'आता खाली दार बिघडलं तर कोणाला बोलवायचं?' मी म्हणालो, 'ते बिघडणार नाही.'

आता एका पंपवाल्याकडे आहे. शाफ्ट करतो. त्यांना शंभर मायक्रॉन चालतात. मी पाचात करून देतो तेव्हा मालक म्हणतो, 'काका, पाणीच उपसायचंय, चंद्रावर नाही जायचं.'

तुमचा नवा निबंध कोणीतरी आणून दिला. पृष्ठभागावरच्या मळाने कृष्णद्रव्याचं सोंग कसं वठतं आणि ते कसं ओळखायचं. चांगला आहे. आठ स्फटिक आणि चार स्फटिक शेजारी शेजारी ठेवलेला आलेख तर फारच चांगला, मी खिशातल्या कागदावर पेन्सिलने काढला होता त्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ. जगभरचे लोक आता क्लॅम्प तपासतायत म्हणे. प्रामाणिकपणाबद्दल तुम्हाला शाल मिळाली, आणि नवा मोठा प्रयोग मिळाला, शंभर स्फटिकांचा. पान अकरावर माझा उल्लेख सापडला. 'कार्यशाळेच्या नोंदीतील त्रुटी.' आभारातून त्रुटीत आलो. नाव दोन्हीकडे नाही.

तिसऱ्या ओळीत एक चूक आहे. क्लॅम्पची जाडी तुम्ही शून्य पॉइंट सहा लिहिली आहे. ती शून्य पॉइंट पाच आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा.

धाकटी दर रविवारी थोरलीला फोन करते. तासभर बोलतात. काय बोलतात देव जाणे, मधूनच दोघी हसतात आणि पलीकडून तिचं हसणं मला या खोलीत ऐकू येतं. तिने मला एकदाही बोलावलं नाही, मीही पुढे होत नाही. थोरलीला वाटतं आमच्यात तुमच्यामुळे अबोला आहे. वाटू दे.

मी समितीला 'नाही' म्हणालो ते तुमच्यासाठी, असं तुम्ही समजत असाल तर ते मनातून काढा. तुम्हाला वाचवायला माझी जीभ उचलली नसती. पण ते तिथे उच्चारलं असतं तर कागदावर आलं असतं, कागद घरी आला असता, आणि थोरलीने आकडा वाचला असता. तो आकडा तिला एका नजरेत कळला असता. आणि मग रविवारचा फोन राहिला नसता. त्या दोघींना एकमेकींशिवाय माहेरचं आता कोणी नाही.

पण जे झालं ते कुठेतरी एकदा बरोबर लिहिलेलं असावं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून इथे लिहितो, आणि तुमच्या हस्ताक्षरातली ती चिठ्ठी याच पाकिटात परत पाठवतो. तिची नक्कल मी ठेवलेली नाही.

सोळा मार्च, सव्वाचार, आमचं स्वयंपाकघर. धाकटीने पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने माझ्याकडे सरकवली. 'मी वाचून नाही दाखवणार भावोजी,' ती म्हणाली. 'यांनी लिहून दिलंय. वहीत दोन आहे ना, मग तुम्ही दोनच म्हणा. एवढंच.' मी वाचली. विचारलं, 'हे पैसे कोणाचे, तुला माहीत आहे ना?' ती म्हणाली, 'माझेच आहेत, मी देतेय.' मी विचारलं, 'आकडा कोणी काढला? तू की त्याने?' ती रुमाल शोधायला लागली. मी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि तिला सांगितलं, त्याला म्हणावं नाही.

देऊ केलं होतं ते असं. शोधाच्या कागदावर बेचाळिसावं नाव. नव्या प्रयोगाच्या वर्कशॉपचं प्रमुखपद, सहा वर्षांसाठी, लेखी. आणि सासरेबुवांचं घर विकून धाकटीच्या वाट्याला आलेले, थोरलीला मिळाले तेवढेच, त्यातला एक पैसाही मागे न ठेवता, नऊ लाख बासष्ट हजार पाचशे.